गाण्याच्या खोलीतला संगणक शांत करताना

आमचे घर विलेपार्ले पूर्वेला, एका जुन्या इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर आहे. घरात बाहेरची एकच मोठी खोली असून तिथे आई गेली बावीस वर्षे गाणे शिकवते, आणि त्याच खोलीच्या खिडकीलगतच्या कोपऱ्यात माझे काम चालते. मी गृहसजावटकारांसाठी घरांची त्रिमितीय चित्रे तयार करते. एका चित्रासाठी प्रोसेसर पाऊण तास पूर्ण क्षमतेने राबतो, आणि दिवसाला अशी आठ-दहा चित्रे करावी लागतात. जानेवारी २०२५ मध्ये मी या कामासाठी नवा संगणक घेतला. तो या खोलीत राहण्याजोगा होईपर्यंत सप्टेंबर उजाडला. त्या आठ महिन्यांत काय केले, किती खर्च झाला आणि कुठे चुकले, ते सविस्तर लिहीत आहे, कारण सुरुवातीला मला अशी माहिती एकत्र कुठेच सापडली नव्हती.

संगणक ग्रँट रोड स्थानकाच्या पूर्वेला, लॅमिंग्टन रोडवरच्या एका दुकानातून जोडून घेतला. सोळा गाभ्यांचा (कोअरचा) रायझन ९ ७९५०एक्स प्रोसेसर, आरटीएक्स ४०७० सुपर ग्राफिक्स कार्ड, नळ्यांतून द्रव फिरवून प्रोसेसर थंड करणारा तीन पंख्यांचा लिक्विड कूलर आणि दोन बाजूंनी काच असलेले कॅबिनेट असे सगळे मिळून १८ टक्के जीएसटीसह २,१८,४०० रुपये झाले. कॅबिनेट मी केवळ दिसायला सुंदर म्हणून निवडले होते. दुकानातल्या गजबजाटात आवाजाचा अंदाज येत नाही, त्यामुळे घरी आणून पहिले चित्र सुरू करेपर्यंत मला काहीच कळले नाही.

पहिल्याच आठवड्यात आई म्हणाली, "अगं, ते बंद कर थोडा वेळ. मुलींचा मध्यम उतरतोय." मला ती अतिशयोक्ती वाटली होती, पुढे हिशेब केल्यावर तिचे म्हणणे तंतोतंत खरे निघाले. पंख्याचा मुख्य स्वर त्याच्या पात्यांच्या संख्येवर आणि वेगावर ठरतो. नऊ पात्यांचा पंखा मिनिटाला १,८०० फेऱ्या घेत असेल, तर सेकंदाला तीस फेऱ्या आणि २७० पाती, म्हणजे २७० हर्ट्झचा स्वर तयार होतो. आमच्या वर्गाची पट्टी काळी चार आहे, म्हणजे हार्मोनियमची चौथी काळी पट्टी 'सा' धरतात, आणि त्या पट्टीतला शुद्ध मध्यम साधारण २७७ हर्ट्झला येतो. पंखा दिवसभर त्या मध्यमाच्या जरासा खाली गुणगुणत होता, आणि नवशिक्या मुलींचा स्वर त्याच्याकडे ओढला जात होता.

फेब्रुवारीत मी मोजमाप सुरू केले. फोनवरचे आवाज मोजणारे ॲप प्रमाणित नसते, त्यामुळे त्याच्या आकड्यावर विसंबून राहता येत नाही. मात्र फोन दर वेळी त्याच जागी, त्याच अंतरावर ठेवला तर दोन नोंदींमधला फरक उपयोगी पडतो. रात्री छताचा पंखा बंद करून रिकाम्या खोलीची नोंद ३४ डेसिबल आली, आणि काम चालू असताना माझ्या खुर्चीपाशी ५२. निवासी भागासाठी रात्री दहा ते सकाळी सहा या वेळेत ४५ डेसिबलची मर्यादा ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांत दिलेली आहे. तो नियम परिसराच्या आवाजासाठी आहे, घरातल्या यंत्राला लागू होत नाही. तरीही आईच्या पलंगापासून दहा फुटांवर काय चालले आहे, याचे भान मला त्या आकड्याने आले.

मग मी पहिली चूक केली. 'सायलेंट' असे डब्यावर लिहिलेले तीन पंखे ३,६०० रुपयांना आणून कॅबिनेटच्या छताला बसवले. आवाज कमी झाला नाही, उलट थोडा वाढला. याची दोन कारणे होती आणि दोन्ही समजायला मला महिना लागला. पहिले कारण हवेच्या वाटेचे होते. माझ्या कॅबिनेटमध्ये पुढची बाजू काचेची असल्याने हवा तळातून आत येत होती, आणि तळ लाकडी टेबलापासून जेमतेम दीड सेंटीमीटर वर होता. आत हवा येतच नसेल, तर बाहेर फेकणारे पंखे वाढवून काय साधणार?

दुसरे कारण प्रोसेसरच्या स्वभावाचे होते. या पिढीचा प्रोसेसर ९५ अंश सेल्सिअसपर्यंत आपला वेग वाढवत राहील, अशीच त्याची रचना आहे. कूलर अधिक चांगला दिला, की तो थंड राहण्याऐवजी जास्त वीज घेऊन जास्त वेगाने धावतो आणि पुन्हा ९५च्या आसपास येऊन थांबतो. त्यातच पंख्यांचा वेग प्रोसेसरच्या तापमानाला बांधलेला होता. तापमान कायम ९५, म्हणून पंखेही कायम पूर्ण वेगात. काचेचे दार काढून ठेवले तेव्हा ४१ मिनिटांचे चित्र ३९ मिनिटांत झाले, पण आवाजात तसूभरही फरक पडला नाही. त्या दिवशी मी खरोखर हताश झाले होते, कारण दोन लाखांहून अधिक रुपये घालून आणलेल्या यंत्रात मी पैसे ओतत होते आणि ते तसेच गरजत होते.

गुढीपाडवा ३० मार्चला होता. त्यानंतरच्या आठवड्यात लिक्विड कूलरमधून पाणी खळखळल्यासारखा आवाज येऊ लागला, आणि ११ एप्रिलला त्याचे रूपांतर खडखडाटात झाले. अशा कूलरच्या बंद नळ्यांत थोडी हवा असतेच, आणि ती सर्वांत उंच जागी जाऊन साठते. दुकानात रेडिएटर, म्हणजे द्रवातली उष्णता पंख्यांनी बाहेर सोडणारा भाग, कॅबिनेटच्या तळाशी बसवला होता, त्यामुळे प्रोसेसरवरचा पंपच सर्वांत उंच ठिकाण झाला होता आणि हवा त्याच्यात अडकत होती. आपल्या संगणकात लिक्विड कूलर असेल, तर रेडिएटरचे वरचे टोक पंपापेक्षा उंच आहे की नाही, एवढे एकदा पाहून घ्यावे.

वॉरंटीची प्रक्रिया तारखांसह देते. १२ एप्रिलला कंपनीच्या संकेतस्थळावर अर्ज भरला. १४ तारखेला आंबेडकर जयंतीची सुटी होती. १५ला उत्तर आले: अनुक्रमांकाचे छायाचित्र, बिलाची प्रत आणि आवाज ऐकू येईल अशी तीस सेकंदांची चित्रफीत पाठवा. १७ला तक्रार क्रमांक मिळाला, १८ला गुड फ्रायडे आला, आणि १९ला कूलर सोडवून, जाड कागदात गुंडाळून मी अंधेरीच्या सेवा केंद्रात गेले. तिथे पाऊण तास टोकन घेऊन बसल्यावर कळले, की माझ्या बिलावर कूलरचा अनुक्रमांक लिहिलेला नाही, म्हणून तो स्वीकारता येणार नाही. दुसऱ्या दिवशी रविवार, म्हणजे लॅमिंग्टन रोड बंद. सोमवारी २१ला दुकानात गेले. "ताई, नंबर डब्यावर असतो, बिलावर कोण लिहितं?" असे म्हणत का होईना, पण त्यांनी अनुक्रमांकासह बिलाची नवी प्रत शिक्का मारून दिली. २२ एप्रिलला कूलर जमा झाला आणि पोचपावती मिळाली.

या फेऱ्यांतून दोन गोष्टी पक्क्या लक्षात आल्या. दुकानातच प्रत्येक मोठ्या भागाचा अनुक्रमांक बिलावर लिहून घ्यावा. तिथे पाच मिनिटे जास्त लागतात, पण पुढचे तीन दिवस वाचतात. आणि डबे फेकू नयेत. डब्यावर आयातदाराचे नाव, पत्ता आणि कमाल किंमत असलेले लेबल असते, आणि माल अधिकृत मार्गाने आला आहे की नाही हे पाहताना त्याची विचारणा होते. आमचे डबे माळ्यावर होते, म्हणून निभावले.

कूलर गेला, पण कामाच्या तारखा पुढे जाणार नव्हत्या. २३ एप्रिलला १,९५० रुपयांचा एक साधा, एका पंख्याचा एअर कूलर, म्हणजे द्रवाऐवजी धातूच्या पट्ट्या आणि हवेने प्रोसेसर थंड करणारा, आणला. एवढ्याशा कूलरला २३० वॉटची उष्णता पेलणार नाही, हे उघड होते. म्हणून नाइलाजाने बायोसमध्ये, म्हणजे संगणकाच्या मूळ सेटिंग्जमध्ये, जाऊन प्रोसेसरचा इको मोड, म्हणजे कमी विजेत चालण्याची सोय, सुरू केली. हा प्रोसेसर १७० वॉटच्या वर्गातला असून प्रत्यक्षात २३० वॉटपर्यंत वीज घेतो. १०५ वॉटचा वर्ग निवडला तर त्याची मर्यादा १४२ वॉटवर येते, आणि ६५ वॉटचा निवडला तर ८८ वॉटवर. मी सर्वांत खालचा वर्ग निवडला आणि वेग निम्म्यावर येणार, असे गृहीत धरून रात्रभर काम करण्याची तयारी ठेवली.

४१ मिनिटांचे चित्र ५२ मिनिटांत झाले. वीज अडीच पटींहून कमी, आणि वेळ मात्र फक्त अकरा मिनिटे जास्त! मी तेच चित्र पुन्हा चालवून पाहिले, कारण माझा विश्वास बसत नव्हता. मग मधला वर्ग निवडून, खिडकीत उभी राहून तापमानावर लक्ष ठेवत एकदा चालवले, तर ते साडेत्रेचाळीस मिनिटांत पूर्ण झाले. वेगाचे शेवटचे पाच-सहा टक्के मिळवण्यासाठी हा प्रोसेसर जवळजवळ नव्वद वॉट जास्त घेत होता, आणि माझ्या खोलीतला बहुतेक आवाज त्या नव्वद वॉटची उष्णता बाहेर काढण्यासाठी होत होता. वेग वाढवताना विद्युतदाबही वाढवावा लागतो आणि विजेचा खर्च त्या दाबाच्या वर्गाच्या (दाब गुणिले दाब) प्रमाणात चढतो, म्हणून शेवटची पायरी सर्वांत महाग पडते. इतके दिवस मी उष्णता गृहीत धरून कूलर शोधत होते. खरे तर आधी उष्णताच कमी करायला हवी होती.

त्यानंतर ९०० रुपयांचे वीज मोजणारे सॉकेट आणले. भिंतीपाशी पूर्वी ३५० वॉट लागत होते, ते मधल्या वर्गात २४५वर आले. मुंबईच्या मे महिन्यात या आकड्याला आणखी एक अर्थ आहे. कूलर उष्णता नाहीशी करत नाही, प्रोसेसरपासून उचलून खोलीत सोडतो. महागातला महाग कूलरही खोलीच्या तापमानाखाली जाऊ शकत नाही, आणि खोली एक अंशाने तापली की प्रोसेसरही साधारण तेवढाच तापतो. आमच्या खोलीत दुपारी ३४ अंश असत. थंड देशांतल्या लोकांनी वीस-बावीस अंशांच्या खोलीत घेतलेल्या चाचण्यांवरून खरेदी ठरवताना यासाठी बारा-चौदा अंश मनात मिळवून घ्यावे लागतात.

इकडे कूलरचा पत्ता नव्हता. आठ दिवसांनी फोन केला की 'प्रक्रियेत आहे', पंधरा दिवसांनी केला की 'सुटे भाग यायचे आहेत'. १६ मेला, म्हणजे चोविसाव्या दिवशी, मी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली. जमा केल्याची पोचपावती, बिल आणि झालेला पत्रव्यवहार हाताशी होता, त्यामुळे दहा मिनिटांत तक्रार क्रमांक मिळाला. २३ मेला केंद्रातून फोन आला. २६ मेला मोसमी पाऊस मुंबईत विक्रमी लवकर दाखल झाला आणि लोकल कोलमडल्या, म्हणून २७ला जाऊन बदली कूलर घेतला. जमा केल्यापासून पस्तीस दिवस झाले होते. मिळालेला कूलर नवा नव्हता, दुरुस्त केलेला होता आणि त्याची वॉरंटी मूळ कूलरची उरलेली मुदत एवढीच होती. हे त्यांच्या अटींत आधीपासून लिहिलेले होते. मी ते वाचले नव्हते. तो मी पुन्हा बसवला नाही. पंप हा एक फिरणारा, झिजणारा भाग गाण्याच्या खोलीत नको, असे मी तोवर ठरवले होते.

जूनमध्ये दुसऱ्यांदा खरेदी केली, पण या वेळी हिशेब करून. पंख्याचा वेग निम्मा केला की हवा निम्मी होते, आणि आवाज मात्र साधारण पंधरा डेसिबलने उतरतो. त्याच्या शेजारी तसाच दुसरा पंखा लावला, तर हवा पुन्हा पूर्वीइतकी होते आणि आवाज फक्त तीन डेसिबलने वाढतो. म्हणजे तेवढीच हवा सुमारे बारा डेसिबल कमी आवाजात मिळते, आणि दहा डेसिबलचा फरक कानाला जवळजवळ निम्म्यासारखा वाटतो. म्हणून मोठे, मोजके आणि संथ पंखे हेच सूत्र धरले. धातूच्या पट्ट्यांचे दोन मनोरे असलेला एअर कूलर ४,८०० रुपयांना आणि पुढून जाळी असलेले, १४० मिलिमीटरचे दोन पंखे सामावणारे कॅबिनेट ६,२०० रुपयांना घेतले. जुने कॅबिनेट वापरता आले नाही, कारण त्यात १६० मिलिमीटर उंचीचाच कूलर मावत होता आणि हा १६५चा होता. पाच मिलिमीटरसाठी सहा हजार गेले. घेण्यापूर्वी ही दोन मापे आणि रॅमवर कूलरचा पंखा येतो का, एवढे नक्की तपासावे. असा कूलर सव्वा किलोहून जड असतो, त्यामुळे जोडलेला संगणक टॅक्सीतून नेताना मदरबोर्ड (सगळे भाग बसवलेली मुख्य पाटी) जमिनीला समांतर राहील असा आडवा ठेवावा.

हवा खेळती झाल्यावर पंख्यांचा वेग ठरवणे उरले. हे काम बायोसमध्ये फुकट होते आणि त्याचा परिणाम सर्वांत मोठा असतो. या प्रोसेसरचे तापमान ब्राउझर उघडला तरी क्षणात वीस अंशांनी उसळते आणि लगेच उतरते. पंखे त्याच्यामागे धावले, की आवाज सतत चढत-उतरत राहतो, आणि असा हलता आवाज मोठ्या पण स्थिर आवाजापेक्षा जास्त त्रास देतो. मी पंख्यांच्या प्रतिसादाचा वेळ, म्हणजे तापमान बदलल्यावर वेग बदलेपर्यंतचा वेळ, वाढवला आणि सत्तर अंशांपर्यंत वेग मिनिटाला ८०० फेऱ्यांच्या आसपास स्थिर ठेवला. ग्राफिक्स कार्डाची वीजमर्यादाही २२० वॉटवरून सत्तर टक्क्यांवर आणली. ते कार्ड पूर्वदृश्य फिरवताना बारीक किणकिणत असे; हा पंख्याचा नव्हे, विद्युतगुंडाळ्यांच्या कंपनाचा आवाज असतो. पूर्वदृश्य पडद्यावर नव्याने उमटण्याचा वेग सेकंदाला साठ वेळांवर रोखल्यावर तोही थांबला.

१० जुलैला गुरुपौर्णिमा होती. दिवसभर आईच्या विद्यार्थिनी येऊन गेल्या, यंत्र बंदच होते. रात्री सगळे निवांत झाल्यावर मी एक चित्र सुरू केले आणि समाधानाने आईकडे पाहिले. फोनवरचे ॲप ३९ दाखवत होते. आई डोळे मिटून थोडा वेळ ऐकत राहिली आणि म्हणाली, "आवाज कमी झालाय गं, पण जोडाच्या तारा लागलेल्या नाहीत. आंदोलन येतंय."

मला ते तोवर ऐकू आलेच नव्हते. तिने सांगितल्यावर मात्र ऐकू येणे थांबेना: वूं-वूं-वूं अशी सेकंदाला तीनदा उठणारी लाट. पुढचे दोन पंखे एकाच आज्ञेवर चालत होते, पण प्रत्यक्षात एक ८०० आणि दुसरा ८२० फेऱ्या घेत होता, कारण पंख्यांच्या वेगात दहा टक्क्यांपर्यंत फरक निर्माते गृहीतच धरतात. नऊ पात्यांच्या हिशेबाने एकाचा स्वर १२० हर्ट्झ आणि दुसऱ्याचा १२३. दोघांतल्या फरकाचीच ती तीनची लाट होती. तानपुरा जुळवताना आई जोडाच्या, म्हणजे एकाच सुराच्या मधल्या दोन तारांमधली हीच लाट ऐकत खुंटी फिरवते आणि ती पूर्ण विरली, की तारा लागल्या असे समजते. मी दोन दिवस पंखे एका वेगावर आणायचा प्रयत्न केला. जमले नाही, दर काही मिनिटांनी ते पुन्हा सरकत. शेवटी आईनेच सुचवले, की जुळत नसतील तर त्यांना लांब कर. एक ७००वर आणि दुसरा ९००वर ठेवला. दोन स्वरांत तीस हर्ट्झचे अंतर पडले आणि लाट नाहीशी झाली. एवढ्या महिन्यांत मी वाचलेल्या कोणत्याही लेखात हा उपाय मला मिळाला नव्हता.

शेवटची दुरुस्ती टेबलाची होती. टेबलाच्या पोकळ लाकडी फळीवर कॅबिनेटचे कंपन तानपुऱ्याच्या तुंब्यावर घुमावे तसे घुमत होते. आमच्याच गल्लीतल्या फरशीवाल्याकडून कडप्प्याचा दीड फूट बाय दोन फुटांचा तुकडा ३५० रुपयांना कापून घेतला, त्याखाली रबराचे चार जाड तुकडे ठेवले आणि कॅबिनेट त्यावर जमिनीलगत बसवले. खालची गुरगुर गेली. ॲपवर फरक एका डेसिबलचा दिसला, कानाला मात्र बराच जास्त वाटला.

२७ ऑगस्टला गणपती बसले, पाहुणे आले, आणि पाच दिवस यंत्राला कोणी हात लावला नाही. सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात शेवटची नोंद घेतली: काम चालू असताना ३८ डेसिबल, प्रोसेसर ७८ अंश, चित्र साडेत्रेचाळीस मिनिटांत. पंखे, दोन कूलर, कॅबिनेट, सॉकेट आणि कडप्पा मिळून वरचा खर्च १७,८०० रुपये झाला. सुरुवातीपासून कळले असते, तर पहिले तीन पंखे आणि काचेचे कॅबिनेट टळले असते.

धुळीचा प्रश्न मिटलेला नाही. शेजारच्या दोन इमारतींचा पुनर्विकास सुरू आहे आणि पुढची जाळी पंधरा दिवसांत करडी पडते. दर दुसऱ्या रविवारी ती काढून धुते, पूर्ण वाळल्यावरच बसवते; जाळी बुजली की तापमान चार-पाच अंशांनी चढते, त्यावरून विसर पडल्याचेही कळते. ऑक्टोबरच्या उकाड्यात दुपारी ८८ वॉटचा वर्ग आणि रात्री १४२चा, अशी विभागणी केली आहे. संध्याकाळी पावणेसहाला आई तानपुरा जुळवायला बसते, तेव्हा यंत्र बंद करायला सांगत नाही. छताचा पंखा मात्र एकवर आणायला सांगते.